डोंगरउतारावर लाकडी लपण: जागा हेरण्यापासून छप्पर चढवेपर्यंत

वन्यप्राणी बघायला लपण बांधायचं ठरलं की पहिली चर्चा लाकडाची होते. कुठलं घ्यायचं, किती लागेल, कोण कापून देईल. सुतारकाम हा यातला सोपा भाग आहे. चार भिंती, एक छप्पर आणि बघायला एक फट, एवढंच काय ते बांधकाम. अवघड आहे ते डोंगराशी जुळवून घेणं. तिथला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो, प्रत्येक फळी पाठीवरून वर न्यावी लागते, पाऊस पडला की सगळा उतार तुमच्या पायाकडे धावतो. शिवाय तुम्ही तिथे जितके दिवस ठोकाठोक कराल, तितका काळ प्राणी त्या बाजूला फिरकणार नाहीत. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीभोवती बेतली आहे: डोंगरावरचं काम कमीत कमी ठेवायचं, बाकी सगळं खाली अंगणात उरकून घ्यायचं.

लपण दोन, फार तर तीन माणसांचं धरलं आहे. जमिनीचा मालक, वनखातं किंवा जी कुठली यंत्रणा त्या उताराची जबाबदार असेल तिची परवानगी लेखी घ्या. संरक्षित जंगलात तात्पुरतं बांधकामही आपल्या मनाने करता येत नाही. ज्या भागात अस्वल, हत्ती किंवा माणसाला जड जाणारं दुसरं मोठं जनावर फिरतं, तिथे जमिनीलगतचं असं हलकं लपण बांधू नये. तिथे उंच मचाण लागतं आणि त्याचं गणित वेगळं.

जागा

उतारावरचा वारा सपाटीसारखा वागत नाही. ऊन चढलं की उताराला लागलेली हवा तापते आणि वर सरकते. सूर्य मावळला की तीच हवा थंड, जड होऊन खाली घसरते आणि रात्रभर, पहाटेपर्यंत घळीघळीने खाली वाहत राहते. प्राणी बघायची वेळ नेमकी पहाटेची आणि तिन्हीसांजेची. म्हणजे लपणाच्या सरळ खाली पाणवठा असेल तर पहाटे तुमचा वास थेट तिथे पोचतो. नकाशावर झकास दिसणाऱ्या जागा याच कारणाने फुकट जातात.

त्यामुळे ज्या जागेकडे बघायचं ती लपणाच्या नाकासमोर खाली नको. घळीच्या पलीकडचा उतार किंवा आडव्या अंगाला असलेली मोकळवण बघा. घळ मध्ये असेल तर ज्या ठिकाणी प्राणी येतात त्याच्यापेक्षा लपण घळीच्या खालच्या अंगाला असू द्या, म्हणजे पहाटेची हवा त्यांच्याकडून तुमच्याकडे येईल. खात्री करायला प्लॅस्टिकच्या लहान बाटलीत चाळलेली राख किंवा टाल्कम पावडर घ्या, बाटली दाबून चिमूटभर हवेत उडवा आणि ती कुठे जाते ते बघा. पहाट, सकाळ, दुपार, सूर्यास्त अशा चारही वेळांना, आणि तेही वेगवेगळ्या हवामानाच्या दिवशी. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते न करता खड्डे खणायला घेऊ नका.

अंतराचं म्हणाल तर सस्तन प्राण्यांसाठी ४० ते ६० मीटर पुरतं; दुर्बिणीतून चेहरा नीट दिसतो आणि तुमची किरकोळ हालचाल खपून जाते. पक्ष्यांसाठी १० ते १५ मीटरही चालेल. प्राण्यांच्या रुळलेल्या वाटेवर, बिळाच्या किंवा गुहेच्या तोंडाशी, घरट्याजवळ बांधू नका.

सूर्य बघण्याच्या वेळी तुमच्या पाठीशी हवा. फक्त सकाळी बसणार असाल तर फट पश्चिमेकडे, संध्याकाळी बसणार असाल तर पूर्वेकडे. दोन्ही वेळा बसायचं असेल तर उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेलं बरं, प्रकाश दिवसभर सारखा राहतो. दक्षिण गोलार्धात उलट. वारा आणि सूर्य यांचं भांडण लागलं तर वाऱ्याचं ऐका. प्रकाश वाईट असला तर फोटो वाईट येतो, वारा वाईट असला तर समोर फोटो काढायला काही उरतच नाही.

लपण धारेवर, माथ्यावर बसवू नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एखादी चौकोनी आकृती उभी राहिली की ती कोसावरून दिसते. माथ्यापासून बरंच खाली, मागे झुडपं किंवा खडक असलेली जागा शोधा. डोक्यावर वाळक्या फांद्या नाहीत ना, हेही वर बघून घ्या.

मग जमीन. झाडांचे बुंधे बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेले दिसले तर तिथली माती हळूहळू खाली सरकते आहे असं समजा आणि पुढे चला. घळीचा तळ, ओहोळाचं कोरडं पात्र, वरून दरडीचे ताजे दगड आलेली जागा, हे सगळं बाद. उतार मोजायला १ मीटरच्या सरळ पट्टीचं डोंगराकडचं टोक जमिनीवर टेकवा, वर पाणसळ (पातळी दाखवणारं हत्यार) ठेवून ती आडवी धरा आणि तिच्या उताराकडच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ३६ सें.मी. आलं तर उतार २० अंशांचा. पुढची सगळी मापं २० अंश धरून दिली आहेत. ५८ सें.मी. म्हणजे ३० अंश; त्यापुढे या पद्धतीचं लपण बांधू नये.

आणि वाट. आत शिरताना तुम्ही दिसलात तर पुढचे दोन तास फुकट. वाट मागच्या अंगाने, खडकाच्या किंवा झाडीच्या आडोशाने यायला हवी. शेवटच्या ३०-४० मीटरमधला पाचोळा आणि वाळक्या काटक्या दर वेळी बाजूला सारून ठेवा. आडोसा नसेल तर तिथलीच झुडपं लावून तो तयार करा. त्याला एक-दोन हंगाम लागतात, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करा.

माप

लांबी २.४ मीटर, खोली १.८ मीटर. लांब बाजू उताराला आडवी, म्हणजे समपातळीत. हे माप घेण्याचं एक साधं कारण आहे: याचा कर्ण बरोबर ३ मीटर येतो. दोन्ही कर्ण ३ मीटर भरले की चौकट काटकोनात आहे, वेगळा गुण्या लावायची गरज नाही. शिवाय लाकूड कापताना वाया जाणारे तुकडे फार निघत नाहीत.

छप्पर एकपाखी. मागची, म्हणजे डोंगराकडची भिंत २.१ मीटर उंच आणि समोरची साधारण १.७८ मीटर. मधला उतार १० अंशांचा होतो. छप्पर डोंगराच्याच दिशेने उतरत असल्याने लांबून लपणाची कड डोंगरात मिसळते. दुसरा फायदा वाऱ्याचा: खालून चढून येणारा वारा छपराच्या ठेंगण्या कडेवर आपटून वरून निघून जातो. उंच कड वाऱ्याला दिली की तो खाली शिरून छप्पर उचलायला बघतो.

१.७८ मीटर उंचीत समोर उभं राहता येत नाही. राहायचंही नाहीये. तिथे बसायचं आहे.

फट

या भागावर वेळ घालवा, कारण फट चुकली तर बाकी लपण कितीही मजबूत असो, आत बसून समोरच्या डोंगराचा माथा तेवढा बघत राहाल.

सपाटीवरच्या लपणात फटीची खालची कड जमिनीपासून १०५-११० सें.मी.वर ठेवतात. उतारावर तेच माप वापरलं तर जवळची जमीन अजिबात दिसत नाही. ४५ सें.मी. उंचीच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचा डोळा लपणाच्या तळापासून, म्हणजे आतल्या पायाखालच्या फळ्यांपासून, साधारण ११८ सें.मी.वर येतो. तो भिंतीपासून ४० सें.मी. मागे असतो. तळ खांबांवर उचललेला असल्याने २० अंशांच्या उतारावर डोळ्याखालची जमीन साधारण १.९ मीटर खाली आहे. समोर २० मीटरवरची जमीन दिसायला हवी असेल तर नजर दर मीटरला ४६ सें.मी. खाली उतरली पाहिजे: ३६ सें.मी. उताराचे आणि राहिलेले साधारण १० डोळ्याच्या उंचीचे. म्हणजे भिंतीपर्यंतच्या ४० सें.मी.त ती १८ सें.मी. खाली येते. ११८ मधून १८ गेले, उरले १००. दुर्बिणीला आणि बुटक्या माणसाला थोडी सवलत द्या आणि खालची कड ९५ वर, वरची १२५ वर ठेवा. ३० सें.मी.ची फट मोठी वाटते, पण ती सगळी एकदम उघडायची नसते.

तुमचा उतार वेगळा असेल तर हाच हिशेब आपल्या आकड्यांनी करा. कागदावर भरवसा नसेल तर जागेवर दोन काठ्या रोवा, त्यांना ९५ आणि १२५ वर दोरी बांधा, मागे स्टूल ठेवून बसा. फक्त तळ जमिनीपेक्षा जितका वर येणार आहे तितकं सगळंच वर उचलून बघायला हवं.

फटीला झडपा आतून लावायच्या, बाहेर उघडणाऱ्या नकोत. बाहेर हललेली फळी प्राण्याला लगेच दिसते. वरच्या कडेला बिजागऱ्या आणि छताला एक दोरीचा फास, एवढ्याने झडप आत वर टांगता येते. २.४ मीटरच्या लांबीत चार स्वतंत्र झडपा करा, म्हणजे लागेल तेवढीच उघडता येईल. उघड्या फटीवर आतून काळसर जाळीदार कापड सोडलं तर हाता-तोंडाची हालचाल झाकली जाते.

समोर फट असेल तर मागच्या भिंतीत उजेड येईल असं काहीही नको. खिडकी नको, फळ्यांतली भेग नको. मागून प्रकाश आला की तुमची सावली फटीत कापून लावल्यासारखी दिसते. आतून भिंतींना झिलई नसलेला गडद रंग द्या. याच कारणाने दरवाजा मागच्या भिंतीत न करता बाजूच्या भिंतीच्या मागच्या अर्ध्यात करा आणि आतून जाड गडद पडदा सोडा.

लाकूड आणि वजन

लाकूड वाळलेलं घ्या. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि फळ्यांमध्ये नेमक्या त्या भेगा पडतात ज्या आपल्याला नको आहेत. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, त्यामुळे पुढचं सगळं बांधकाम पाणी साचू न देण्यावर बेतायचं. जमिनीत जाणारे खांब मात्र टिकाऊ झाडाच्या गाभ्याचे किंवा कारखान्यात दाबाखाली औषध भरलेलेच हवेत. बाहेरचा फिकट थर कितीही चांगल्या झाडाचा असला तरी मातीत लवकर कुजतो. औषध भरलेलं लाकूड कापताना तोंडाला मास्क लावा, त्याचे तुकडे जाळू नका. त्यातली तांब्याची संयुगं साध्या खिळ्यांना खातात, म्हणून तिथे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचेच स्क्रू-बोल्ट.

खांब १०० × १०० मि.मी.चे सहा: पुढचे तीन दीड मीटरचे, मागचे तीन ८० सें.मी.चे, सगळे हाताशी थोडे जास्तच ठेवा. तुळया ५० × १०० च्या. लांब बाजूंना दोन-दोन जोडून आणि त्यांवर आडव्या सात, दर ४० सें.मी.ला एक. तळाला २५ मि.मी.च्या फळ्या, भिंतींची चौकट ५० × ५० ची, भिंतीच्या फळ्या १५ मि.मी. जाड. वासे ५० × ७५ चे पाच, अडीच मीटर लांब, आणि वर ५० × २५ च्या रिपा.

मध्यम जातीचं लाकूड घनमीटरला ५५० किलो धरलं तर छपरासकट हे सगळं ४०० किलोच्या वर जातं, हत्यारं-लोखंड धरून साडेचारशे ते पाचशे. डोंगराच्या वाटेवर एका माणसाने एका खेपेला १५ ते २० किलो वाहावेत, त्याहून जास्त नाही. म्हणजे पंचवीस ते तीस खेपा. भिंतीच्या फळ्या १८ ऐवजी १५ मि.मी.च्या घेतल्या त्याचं कारण हेच. त्या ३ मि.मी.त २५ किलोहून जास्त वजन वाचतं.

सिमेंटचं सांगायचं तर ३० सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. खोल अशा एका खड्ड्यात काँक्रीट भरलं तर ते साधारण १०० किलो होतं. सहा खड्ड्यांचे ६०० किलो, म्हणजे सगळ्या लपणापेक्षा जास्त. डोंगरावर दगडांची कमतरता नसते. काँक्रीट विसरा.

अंगणातली जोडणी

सगळं लपण आधी खाली, सपाट जागेवर पूर्ण उभं करा. छपरासकट. मगच ते उसकटायचं. भिंती एकसंध करू नका. पुढची आणि मागची प्रत्येकी १.२ मीटरच्या दोन पॅनेलमध्ये, बाजूच्या ९० सें.मी.च्या दोन-दोन पॅनेलमध्ये करा. आठ पॅनेल होतात, प्रत्येकाचं वजन ३० किलोच्या आसपास, दोघांनी उचलण्याजोगं. ९० सें.मी. रुंदी अरुंद वाटेवर फिरवता येते. १.२ मीटरची पॅनेल झाडीतून जाणार नाहीत असं वाटलं तर वाट आधी चालून, हातात तेवढ्या लांबीची काठी आडवी धरून बघा.

फळ्या आडव्या ठोका, वरची खालचीवर २५ मि.मी. चढलेली. प्रत्येक फळी एकाच कडेला पक्की करा, म्हणजे उन्हापावसात ती फुगली-आकसली तरी चिरणार नाही. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे. लाकूड वाळून सैल झालं की खिळा करकरतो आणि त्या शांततेत तेवढी करकर पुरेशी असते. तळाच्या फळ्यांना तर खिळे अजिबात वापरू नका.

बोल्टची सगळी भोकं इथेच पाडून घ्या. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना पटाशीने एकसारखी खूण कोरा. पेन्सिलीचे आकडे घामाने आणि पावसाने पुसले जातात. बाहेरच्या बाजूला रंग द्यायचाच असेल तर करडा-तपकिरी, झिलई नसलेला. खरं तर उघडं लाकूड एखाद-दोन वर्षांत आपोआप राखाडी पडतं, आणि त्या रंगाला डोंगरात तोड नाही. भडक हिरवा रंग मात्र हमखास उठून दिसतो. रंगाचा, औषधाचा वास जाईपर्यंत काही आठवडे सगळं उघड्यावर राहू द्या.

पाया

विणीचा हंगाम टाळून, पावसाचे दिवस संपल्यावर आणि माती अजून खणता येईल एवढी ओलसर असताना डोंगरावर जा. पाया एका दिवशी, उभारणी दुसऱ्या दिवशी, असं तीन-चार माणसांत जमतं.

पहिल्यांदा मागच्या तीन खांबांची रेघ दोरीने आखा. तिथून आडवं, पाणसळीत, १.८ मीटर पुढे या. जमिनीवर पट्टी टेकवून मोजू नका, तिरकं माप आखूड पडतं. ओळंबा सोडून खालची खूण करा. दोन्ही कर्ण ३ मीटर भरेपर्यंत खुंट्या हलवा. २० अंशांच्या उतारावर पुढची रेघ मागच्यापेक्षा ६५ सें.मी. खाली येईल. मागचा तळ जमिनीपासून २० सें.मी. वर ठेवला की पुढे ८५ सें.मी. पोकळी राहते.

मागचे खड्डे ६० सें.मी. खोल, पुढचे ७० सें.मी. पहारीने खणा आणि शक्य तितके अरुंद ठेवा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे गोठण्याच्या थरापेक्षा खोल जावं लागेल. तळाशी १० सें.मी. खडी किंवा बारीक दगड टाका, म्हणजे पाणी निचरून जाईल. खांबाच्या बुडाला ३० सें.मी.चा आडवा ठोकळा बोल्टने जोडा; वर दगड बसले की हाच ठोकळा वाऱ्यात खांबाला वर येऊ देत नाही. मग दगड आणि मुरूम यांचे थर टाकत पहारीच्या बोथट टोकाने ठासत या. एका वेळी १५ सें.मी.पेक्षा जाड थर टाकला तर तळची भर सैलच राहते. प्रत्येक थरानंतर ओळंबा लावा. शेवटचा थर खांबाभोवती थोडा उंच, बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. खांब बुडाशी कुजत नाही. तो कुजतो जमिनीच्या पातळीला, जिथे ओलही असते आणि हवाही. तिथे पाणी थांबू द्यायचं नाही.

सगळे खांब पक्के झाल्यावरच पाणसळीने एका पातळीची खूण करून माथे कापा.

पुढच्या खांबांना तिरके आधार लागतात, दोन्ही दिशांनी. ८५ सें.मी. उंच खांबांवर माणूस नुसता कुशीवर वळला तरी तळ डुलतो आणि शेजारच्याच्या दुर्बिणीत सगळा डोंगर हलतो.

आणि चर. लपणाच्या मागे, वर साधारण १ मीटरवर अर्धचंद्राच्या आकाराचा, २५ ते ३० सें.मी. खोल चर काढा. त्याची दोन्ही टोकं लपणाच्या बाजूंनी पुढे नेऊन गवतात किंवा दगडांवर सोडा. तुमच्या येण्याच्या वाटेवर सोडलीत तर पहिल्याच जोराच्या पावसात वाटेचा ओहोळ होईल.

उभारणी

जोड-तुळया खांबांवर बोल्टने, त्यांवर आडव्या तुळया, कर्ण पुन्हा एकदा, मग फळ्या. फळ्यांत ५ मि.मी. फट सोडा. मागची दोन पॅनेल उभी करून तात्पुरत्या काठीने टेका, मग बाजूची, शेवटी पुढची. सांध्यांचे बोल्ट आधी नुसते हाताने फिरवून ठेवा आणि आठही पॅनेल उभी झाली की एकेक करून आवळा. आधीच आवळत गेलात तर शेवटचं पॅनेल बसत नाही आणि मग वर डोंगरावर करवत काढावी लागते.

वासे पुढे ४५ आणि मागे २० सें.मी. बाहेर काढा. छपराला लोखंडी पत्रा सगळ्यांत आधी सुचतो, पण तो उन्हात तापताना टकटक वाजतो, पावसात बोलणं ऐकू देत नाही आणि लांबून चमकतो. डांबरी तंतूंचे पन्हळी पत्रे हलके असतात, चौरस मीटरला सुमारे ३ किलो, आणि आवाज करत नाहीत. त्यांना रिपा मात्र जवळजवळ लागतात. कंपनीने सांगितलेलं अंतर पाळा. बर्फ पडणाऱ्या भागात वासेही जाड घ्यावे लागतील. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खळगीत नाही, आणि खाली रबरी वायसर हवाच. समोरच्या वळचणीला लहानशी पन्हळ लावून पाणी एका बाजूला काढा, नाहीतर पागोळ्यांचा पडदा नेमका फटीसमोर पडेल.

वाऱ्याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५५ किलो होतो. आपलं छप्पर ७ चौरस मीटरचं. म्हणजे जवळपास ३८५ किलोंची ओढ, आणि छप्पर स्वतः साठ-सत्तर किलोंचं. म्हणून नुसते स्क्रू पुरत नाहीत. वाशापासून भिंतीला, भिंतीपासून तुळईला, तुळईपासून खांबाला अशी गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांची अखंड साखळी हवी. मधली एक कडी सुटली तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही.

बाहेरून जाळ्या, फांद्या, वेली लटकवायचा मोह आवरा. वाऱ्यावर फडफडणारी जाळी लपणापेक्षा जास्त लक्ष वेधते. कडेला स्थानिक झुडपं वाढू द्या, त्यांनी चौकोनी कोपरे मोडले की पुरे.

आत

फटीखाली २० सें.मी. रुंद फळी लावा, कोपर आणि दुर्बीण टेकायला. कॅमेऱ्यासाठी तिपाईपेक्षा वाळूची किंवा धान्याची छोटी पिशवी बरी. तिपाई तळाचं प्रत्येक कंपन वर पोचवते. खाली जाड रबरी चटई, स्टुलाच्या पायांना रबर. दरवाजाला लोखंडी कडी-कोयंडा नको, लाकडी फिरती खिट्टी करा. बिजागऱ्यांना वास नसलेलं तेल. अन्न आत ठेवू नका, उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. स्टोव्ह, मेणबत्ती, शेगडी काहीही पेटवायचं नाही: लाकडाच्या बंद खोलीत आगीचीही भीती आणि विषारी वायूचीही. विजांचा कडकडाट सुरू झाला तर असं लपण आडोसा देत नाही; ढग जमताना दिसले की निघा.

उभारणीनंतर निदान तीन-चार आठवडे तिकडे जाऊ नका. त्या काळात झडपा बसण्याच्या वेळी असतात तशाच थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे काळी फट प्राण्यांच्या ओळखीची होते. नंतर बसायला जाताना उजाडण्याच्या तासभर आधी आत असा आणि प्राणी समोर असताना बाहेर पडू नका. दरवाजा उघडण्याआधी काठीने भिंतीवर टकटक करा, कोपरे आणि स्टुलाखालची जागा विजेरीने बघा. गांधीलमाश्यांना वळचणीखालची कोरडी जागा फार आवडते.

वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सहाही खांब जमिनीलगत टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तो खांब बदलायचा. त्यासाठी लपण उतरवावं लागत नाही, शेजारी तात्पुरता टेकू देऊन एकेक खांब काढता येतो. पहिल्या वर्षी लाकूड आकसून सगळे बोल्ट सैल झालेले असतील, ते आवळा. चरातला गाळ आणि पन्हळीतला पाचोळा काढा. तळाखालची पोकळी मोकळी ठेवा, तिथे सामान रचू नका. वाकून एका नजरेत पलीकडचं दिसलं पाहिजे, म्हणजे खाली कोणी मुक्काम केला असेल तर पायरीवर पाय ठेवण्याआधी कळेल.